पेवाचा तळ

तात्याबा गव्हाण्याच्या मुक्तीचं लगीन ठरलं ते साल त्रेपन्नचं. त्या साली वैशाख दोनदा आला. पहिला धोंड्याचा, त्यात लग्नं होत नाहीत, म्हणून तारीख दुसऱ्या वैशाखात धरली. सोयरे भीमेच्या पल्याडचे, शिरूरकडचे. खटलं मोठं, वऱ्हाडाच्या चार गाड्या तरी येणार. आणि इकडं दोन सालं पावसानं पाठ फिरवलेली. बोरमळीच्या शिवारात शाळूची ताटं गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच वाळून गेली. तात्याबाच्या घरातल्या कणगीत हात घातला तर बुडाला लागत होता. तरी माणूस निर्धास्त होता. त्याची जवारी जमिनीत होती.

पेव कशाला म्हणतात ते आता पोरांना सांगावं लागतं. गावाच्या पांढरीत, जिथं मुरूम कोरडा, तिथं आड खोदावा तसा खड्डा खोदायचा. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि पोट मोठं. बाजूनं आणि तळाला कडबा लावायचा, आत जवारी ओतायची, वर दगडी शिळा टाकून चिखलानं लिंपायचं. चांगल्या पेवात धान्य चार सालं राहतं, किडा लागत नाही. बोरमळीचं पेव मीरासाहेबाच्या अंगणात होतं. त्याच्या बापानं खोदलेलं. त्यात चार घरांची जवारी पडायची. तात्याबाची, त्याचा धाकटा भाऊ संपत वेगळा राहायचा त्याची, रंगुबाई म्हातारीची आणि मीरासाहेबाची स्वतःची. राखण मीरासाहेबाची. त्याबद्दल तो काही घेत नसे. फक्त एक रीत होती. पेव उघडलं की आधी रांडमुंड बाईचं माप निघायचं आणि राखणाऱ्याचं सगळ्यांच्या शेवटी.

पेवाची दुसरी रीत जिवाची होती. शिळा काढली की लगेच आत उतरायचं नाही. आतल्या कोंडलेल्या हवेत माणूस एका दमात आडवा होतो, हाक मारायलाही सवड मिळत नाही. म्हणून रातभर तोंड उघडं ठेवायचं, सकाळी कंदील दोरीनं सोडायचा. वात नीट जळली तर माणूस उतरायचा. हे मीरासाहेब दर वेळी सांगायचा. पोरं कंटाळून म्हणायची, "मीरादा, पाठ झालंय आता." तो म्हणायचा, "पाठ झालेलंच मानूस इसरतो."

चैताच्या शेवटाला, लग्नाची जवारी काढायची म्हणून पेव उघडलं. रातभर तोंड उघडं राहिलं. सकाळी कंदील सोडला, वात स्वच्छ जळली. मीरासाहेबाचा गुडघा बैलाच्या लाथेनं गेला होता, म्हणून पहिल्यांदाच संपत आत उतरला. वर मीरासाहेब दोरी धरून, तात्याबा पाट्या ओढायला, रंगुबाई आपल्या पोत्यापाशी पदर सावरून बसलेली.

"रंगुआत्या, एवढी जवारी खाऊन तू करनार काय? दात तर एक न्हाई," तात्याबा म्हणाला.

"तुज्या लेकीच्या लग्नात नाचनार हाय. नाचायला दात लागत्यात व्हय?"

अमीरबी, मीरासाहेबाची बायको, उंबऱ्यात हसली. असं चाललं होतं. रंगुबाईचं माप भरलं. संपतचं भरलं. तात्याबाचं निम्म्यावर आलं आणि आतून संपतचा आवाज आला, "बास. तळ लागला."

 मीरासाहेब पेवाच्या तोंडावर ओणवा झाला. "पाय दाब नीट. पायाला गार लागतंय का?"

"दगडावानी लागतंय. तळ हाय."

"कडब्याखाली तळाला मुरूम हाय, संपत. मुरूम गार लागतो. खोऱ्यानं जरा टोक."

"टोकलं. तळ हाय म्हंतो ना."

संपत वर आला तेव्हा त्याच्या अंगावर धुरळा होता आणि डोळ्यात दुसरंच काही. तात्याबाची निम्मी जवारी नाही, मीरासाहेबाची तर मुळीच नाही. मीरासाहेब दोरी कमरेला बांधायला लागला. "मी बघतो. माज्या बापानं खोदलंय, मला ठावं हाय तळ कुठं हाय."

संपतनं दोरी धरली. "तू उतरून काय करनार? माती कालवून दावनार?"

"काय बोलतोस तू, संपत?"

"मी कुठं काय बोललो? पेव तुज्या अंगनात. राखन तुजी."

"आरं, माजी सोताची जवारी गेली का न्हाई त्यात?"

"तुजी तू आदीच काढली असशील," संपत म्हणाला.

ते ऐकून अमीरबी घरात गेली.  तात्याबाच्या डोळ्यासमोर पंगत बसलेली होती आणि भाकरी अर्ध्यावरच संपली होती. शेवंताबाईनं, त्याच्या बायकोनं, घरी विचारलं तर काय सांगायचं, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं. मीरासाहेबानं त्याच्याकडं पाहिलं. दोघं एका पाण्यात पोहायला शिकलेले. तात्याबा एक शब्द बोलला असता तर तिथंच मिटलं असतं. तो बोलला नाही.

पाटील आले. त्यांनी न्यायाचं म्हणून सांगितलं, की चौकशी होईस्तवर शिळा टाकून लिंपा, वर लाखेचा शिक्का मारा, कुणी हात लावायचा नाही. मीरासाहेब म्हणाला, "पाटील, बंद करू नका. आत वल असंल तर सडंल समदं."

"वल कुठली आली पेवात?" संपत म्हणाला.

मीरासाहेबालाही तेव्हा ते सांगता आलं नाही. शिळा बसली.

बाजारच्या दिवशी दोघे भाऊ दौंडला गेले. स्टेशनापलीकडं लिंबाखाली एक अर्ज लिहून देणारे बसत. वामनराव म्हणत त्यांना. पुढं लाकडी पेटी, नाकावर चष्मा. तात्याबानं सगळी हकीकत सांगितली आणि शेवटाला म्हणाला, "तर जवारी कमी भरली, असं लिवा."

वामनराव टाक खाली ठेवून म्हणाले, "कमी भरली हा गुन्हा होत नाही, बाबा. कमी तर माझंही दूध भरतं रोज. मला सांगा, चोरी झाली, फसवणूक झाली, का अफरातफर झाली?"

"ह्यात फरक काय?" संपतनं विचारलं.

"जमीन-अस्मानाचा. तुमच्या ताब्यातनं, तुम्हाला न विचारता माल उचलला, ती चोरी. तुम्हाला खोटंनाटं सांगून तुमच्याच हातानं माल द्यायला लावला, ती फसवणूक. लोक चारशेवीस म्हणतात ती. पण तुम्ही विश्वासानं माल सोपवला आणि घेणाऱ्यानं तो गिळला, तर ती अफरातफर. घेताना त्याची नियत चांगली असंल, मागनं फिरली असंल. तुम्ही सोपवला होता ना?"

"सोपावला म्हंजी..." तात्याबा अडखळला. "तसं कुनी सोपवत न्हाई. आमच्या बापापासनं तिथंच पडतीया."

"तेच सोपवणं. मग अफरातफर." वामनरावांनी लिहायला घेतलं. लिहिताना ते मोठ्यानं वाचत होते. सदर इसमाने लबाडीच्या इराद्याने.

"लबाडी नगा लिवू," तात्याबा म्हणाला.

"काय?"

"लबाडी त्येवढी नगा लिवू. जवारी न्हाई, एवढं खरं हाय. लबाडीचं मी काय बघितलं न्हाई."

वामनरावांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "अहो बाबा, लबाडी काढून टाकली तर मागं काय उरतं? उंदरानं खाल्ली, पाण्यानं नेली, त्याला कुणी तुरुंगात घालतं का? ह्या सगळ्या गुन्ह्यांचा जीव त्या एका शब्दात असतो. तो शब्द नसंल तर कागद घेऊन घरी जा आणि लेकीचं लगीन करा."

"लिवा तुमी," संपत म्हणाला. "दादा, लगीन कशावर करनार हायस? त्याच्यावर खटला लागला तर त्यो जवारी काढून दील. भ्यायला पायजे मानसानं."

तात्याबानं अंगठा उमटवला. शाई रेल्वेच्या नळावर धुतली, ती काही नीट गेली नाही.

मीरासाहेबाला ठाण्यात बोलावलं, दिवसभर बाकड्यावर बसवलं, जामीन मागितला. जामीन राहिली रंगुबाई. जमादार तिला म्हणाला, "म्हातारे, तुझीबी जवारी त्यातलीच ना?" ती म्हणाली, "माजी समदी भरली. आन् नसती भरली तरी मी राह्यले असते. लिव माजं नाव."

गावात मीरासाहेब बाहेर पडला की पोरं त्याच्या मागं 'चारशेवीस' म्हणून ओरडायची. त्यांना शिकवायचं कुणी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो त्यांना काही म्हणत नसे. धोंड्याचा महिना असाच चालला. ऊन असं, की पांढरीच्या मातीला भेगा पडून त्यांत बोट जाईल. मीरासाहेब शिक्का मारलेल्या शिळेपाशी बाज टाकून बसायचा. कधी जमिनीला हात लावून बघायचा. खालच्या अंगाला सरकारी पाटाची नवी चारी पलीकडच्या साली खोदली होती, तिच्याकडं बघायचा. दुष्काळात त्या चारीला पाणी आलं तेव्हा गावानं तिची ओटी भरली होती.

एके दिवशी तात्याबा बैल घेऊन चारीवर आला. मीरासाहेब तिथंच होता, पाण्याच्या कडेची माती चिमटीत धरून. दोघांना वळून जायला वाट नव्हती.

"तात्या, एक इचारू?" मीरासाहेब म्हणाला. चैतापासून पहिल्यांदा बोलला.

तात्याबानं मान हलवली.

"जमादार मला म्हनला, जवारी घेताना तुजी नियत साफ व्हती का? मी म्हनलं, व्हय. मग म्हनला, फिरली कवा? मला सांगता येईना. तुजं नाव कागदावर हाय. तुला ठावं असंल. माजी नियत कवा फिरली, तात्या?"

बैल पाणी पीत होते. तात्याबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"मुक्तीच्या बारशाला, का तुज्या बापाला खांदा दिला तवा? पेव त्याच्या आदीपासनं हाय. मी रातचा पडल्या पडल्या मागं मागं जातो, कुठं फिरली ती जागा हुडकतो. घावत न्हाई."

"संपत म्हनला..." तात्याबानं सुरुवात केली.

"अंगठा संपतचा न्हाई," मीरासाहेब म्हणाला. मग हातातली माती पुढं केली. "ही बघ, वली हाय. चारीचं पानी आतल्या अंगानं पांढरीत शिरतंय. मला वाटतंय, खालची जवारी बसली हाय. पाण्यानं थापून घट झाली. संपत तिच्यावरच हुबा राह्यला आन् तळ म्हनला."

 तात्याबाला ते पटलं. पटलं म्हणूनच त्याला बोलता येईना. हे खरं असेल तर आपण काय करून बसलो, हे त्याला त्या चिमूटभर मातीत दिसलं. "जमादार येतील तवा बघू," एवढंच तो म्हणाला आणि बैल वळवून गेला.

जमादार आला तो सोमवारी, दुपार कलती झाली तेव्हा. संगं एक शिपाई, पाटील, गावातले दोन पंच. निम्मं गाव गोळा झालं. शिक्का बघितला, फोडला. पहारीनं शिळा सरकवली तेव्हा आतून जो वास आला त्यानं पुढची माणसं मागं सरली. आंबलेला, गोडसर, नाकात बसणारा वास.

मीरासाहेब जमादारापुढं हात जोडून उभा राहिला. "साहेब, आता कुनी उतरायचं न्हाई. रातभर हवा लागू द्या. सकाळी मी सोता उतरतो, तळ दावतो."

जमादार समजूतदार होता. "ठीक. मी पाटलाकडं मुक्काम करतो. सकाळी बघू."

तेवढ्यात गर्दीतून संपत बोलला. "रातभर उघडं ठेवनार? त्याच्याच अंगनात? सकाळी दोन पोती आत पडल्याली असत्याल, मग म्हनंल घ्या तुमची जवारी."

"शिपाई ठेवू राखणीला."

"आवं, शिपाई मानूसच हाय. झोपनार न्हाई व्हय त्यो?"

लोक कुजबुजले. कुणीतरी हसलं.  मीरासाहेबानं डोक्याचा पटका काढून अमीरबीच्या हातात दिला.

"साहेब, संपत म्हंतो ते बराबर हाय. आज रातभर पेव उघडं राह्यलं तर उद्या आत काय बी निघालं तरी ते माजंच कारस्तान ठरंल. आता उतरतो."

"हवा खराब आहे म्हणालास ना?"

"लिंबाच्या डहाळ्या घेऊन हवा घुसळतो. घुसळली की उतरता येतं."

डहाळ्यांचा भारा दोरीला बांधून त्यानं पेवात वरखाली केला. पुष्कळ वेळ केला. मग कंदील सोडला. तोंडाच्या कडेला तात्याबा उभा होता, त्याला कंदील आत जाताना दिसला. वात आधी पिवळी होती, मग बारीक झाली, मग निळसर होऊन काडीच्या टोकाएवढी राहिली. विझली मात्र नाही.

"जळतोय," मीरासाहेब म्हणाला.

"मीरा, थांब," तात्याबा म्हणाला. "वात बघ. नगं उतरू. माजी जवारी मला मिळाली, असं सांगतो साहेबाला."

मीरासाहेबानं कमरेची गाठ आवळली. चेहऱ्यावर राग नव्हता. "फिर्यादीनं आरोपीला थांबवायचं नसतं, तात्या. आन् ह्यो इषय आता जवारीचा न्हाई."

"वैनी, सांगा त्याला," तात्याबा अमीरबीकडं वळून म्हणाला.

अमीरबी पटका छातीशी धरून म्हणाली, "भावजी, चैतापासनं ह्यांनी दोन घास नीट खाल्लं न्हाईत. तुमी सांगायचं तवा सांगितलं न्हाई. आता मी काय सांगू?"

तो उतरला. दोरी शिपायानं आणि तात्याबानं धरली होती. खोऱ्याचा आवाज आला, खच, खच, घट्ट ढेकळात खोरं बसावं तसा. मग पाटीची दोरी हलली. पाटी वर ओढली. तीत काळं ढेकूळ होतं, दगडासारखं दिसणारं. जमादारानं ते हातात घेतलं. खालून मीरासाहेबाचा आवाज आला, लांबून आल्यासारखा. "फोडा."

संपतनंच ते शिळेवर आपटलं. ढेकूळ दुभंगलं. आत जवारी होती. दाणा दाण्याला चिकटलेला, पांढरी बुरशी आलेली, काही दाण्यांना मोड येऊन तिथंच मेलेले. शाळूच होता, तात्याबाच्या रानातला, टपोऱ्या दाण्याचा. एका अंगाला तळाचा कडबा चिकटलेला होता.

"मीरा, हाय," तात्याबा पेवात तोंड घालून म्हणाला. "जवारी हाय. वर ये."

दोरी ढिली होती. त्यानं ओढली तर जड लागली. मग सगळ्यांनीच ओढली. मीरासाहेब वर आला तेव्हा त्याचे दोन्ही हात काळ्या चिखलानं भरलेले होते, आणि एका मुठीत दाणे होते. अंगणात निजवला, तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. रंगुबाईनं त्याचे तळवे घासले. कंदील वर काढला तेव्हा तो विझलेला होता.

पंचनामा झाला. जमादारानं सगळं खरं लिहिलं, खालची जवारी वलीनं बसून सडली, बाहेर गेल्याचं दिसत नाही. तात्याबा त्याच्यापुढं जाऊन बसला. "साहेब, आता त्या कागदाचं काय?"

"आरोपी मयत झाला. काम संपलं."

"आन् लबाडी? ती खोडून टाका. मी अंगठा देतो."

जमादारानं कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "बाबा, निकाल झाला असता तर कोर्टानं लिहिलं असतं, ह्याची लबाडी नव्हती म्हणून. आता निकाल व्हायचा नाही. मेलेल्या माणसाला सुटलाही म्हणत नाहीत. लिहिलेलं राहतं तसंच."

मीरासाहेबाला दुसऱ्या दिवशी माती दिली. रोजे चार दिवसांवर आले होते. मुक्तीचं लगीन ठरल्या तिथीला झालं, थांबवता येण्यासारखं नव्हतं. रंगुबाईनं आपली जवारी पंगतीला दिली. ती स्वतः मात्र मांडवात आली नाही, त्या दिवशी अमीरबीपाशी जाऊन बसली. संपत लग्नानंतर घोडनदीला हमालीला गेला, तो गावात फारसा आला नाही. पेव तसंच उघडं राहिलं. पुढच्या पावसात त्याचं तोंड ढासळलं.

पुढं साठ सालाच्या सुमाराला गावात मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायला मास्तर येऊ लागले. संध्याकाळी चावडीत कंदील लावून बसायचे. तात्याबा पहिल्या दिवसापासून गेला. लोक हसायचे, म्हणायचे, "तात्याबा, आता शिकून कलेक्टर व्हनार का?" तो हसायचा नाही. पाटीवर गिरवत राहायचा. बाकीचे आपलं नाव लिहायला शिकले आणि थांबले. तात्याबा थांबला नाही. एक दिवस त्यानं मास्तरांना विचारलं, "गुरुजी, 'लबाडी' कसं लिवत्यात?" मास्तरांनी लिहून दाखवलं. तात्याबानं ते बघून बघून पाटीवर काढलं. मग खाली लिहिलं, 'मीरासाहेब'. मग तळहातानं वरचा शब्द पुसला. पाटीवर नाव तेवढं राहिलं. ती पाटी त्यानं घरी नेली, पुन्हा कुणाला त्यावर लिहू दिलं नाही.

दौंडच्या कागदात तो शब्द अजून असेल.

मीरासाहेब अकरा मे एकोणीसशे त्रेपन्नला पेवात वारला. अमीरबी पुढच्या हिवाळ्यात गेली. रंगुबाई सत्तावन्न साली, पिकल्या वयात. तात्याबा गव्हाणे पासष्ट सालच्या चैतात गेला, ज्या दिवसांत पेव उघडायचं त्याच दिवसांत.